इटारसीला आलेली शेपूची भाजी

मुकुंदबुवा आठल्ये कीर्तनाच्या दिवशी शेपूची भाजी खात नसत. खरं सांगायचं तर ते कुठल्याच दिवशी खात नसत, पण कीर्तनाचं नाव पुढे केलं की घरात वाद उरत नसे. "पूर्वरंगात ढेकर आला तर शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळेल बुवा काय जेवून आलेत ते," असं ते म्हणायचे. मग त्यांची बायको वृंदा तोंड फिरवून हसायची आणि लेकीपुरती भाजी छोट्या कढईत वेगळी टाकायची.

ती वृंदा जाऊन वर्ष होत आलं होतं. आणि लेक, ऋजुता, आज पहाटे पुण्याला गाडीत चढणार होती.

बुवा आदल्या रात्रीच मिरजेहून निघाले होते. रामाच्या नवरात्रात ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींकडे त्यांची कीर्तनं ठरलेली. दरवर्षी या प्रवासात शेजारच्या जागेवर वृंदा असायची. तिच्या मांडीवर झांजांची पिशवी, पायाशी दशम्यांचे डबे. यंदा त्या जागेवर बुवांनी आपली पगडीची पेटी ठेवली होती. पुणं आलं तशी ती उचलून त्यांनी मांडीवर घेतली.

दारातून ऋजुता आत आली. आल्या आल्या ती वाकली आणि पायांवर डोकं ठेवून तशीच राहिली. मागून हमाल ओरडला, "ताई, रस्ता सोडा की!" तेव्हा कुठे ती उठली.

"बाबा, तुम्ही चक्क जाड झालात!"

"आणि तू काळी. बर्फात राहून काळी झालेली पहिलीच पोर बघतोय मी."

"बर्फावरचं ऊन वाईट असतं हो. खालून पण भाजतं."

ऋजुता हवामानशास्त्रज्ञ. दक्षिण ध्रुवाकडच्या एका संशोधन तळावर ती दीड वर्षाच्या मुक्कामाला गेली होती. तिथला हिवाळा म्हणजे महिनोन्‌महिने अंधार. त्या काळात जहाज येत नाही, विमान उतरत नाही. आईचा आजार तिला त्या अंधारात कळला आणि आईला दिलेला अग्नी तिने त्याच अंधारात, पडद्यावर पाहिला. परवा तिचं जहाज किनाऱ्याला लागलं होतं.

जरा स्थिरस्थावर झाल्यावर बुवा म्हणाले, "चहा घेतेस ना? दौंडला पोहे मागवू?"

"नको. दोन दिवस मी नुसती केळ्यांवर आहे बाबा. मनमाडला एकदम जेवू. पहिला घास आईच्या हातचा."

बुवांचा चेहरा उजळला. "मागवून ठेवलंय मी. आमटी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पोळी, भात. अगदी तिच्या हातचं. खाशील तर डोळ्यांत पाणी येईल तुझ्या."

या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. कारण ते ताट खरोखरच वृंदाच्या हातचं येणार होतं.

त्या सेवेचं नाव होतं 'हातगुण'. आपण चव जिभेची म्हणतो, पण तिचा मोठा वाटा नाकाचा असतो, आणि नाकाच्याही आधी हाताचा. मोहरी तडतडल्यावर हिंग किती वेळाने पडतो, तेव्हा तेल किती तापलेलं असतं, चिमूट केवढी, उलथनं कितीदा फिरतं, यावर कढईतून कोणकोणते वास उठणार ते ठरतं. म्हणून तर एकाच घरातल्या दोन जावांची आमटी कधी सारखी होत नाही. डॉक्टरांनी वृंदाची मुदत सांगून टाकली, तेव्हा या सेवेची माणसं घरी आली. तिच्या मनगटाला त्यांनी एक पट्टा बांधला आणि ओट्यावर वास टिपणारी एक डबी टांगली. उठत-बसत, खोकत, मधेच खुर्चीवर टेकत तिने घरातले नेहमीचे पदार्थ एकेक करून रांधले. पट्ट्याने तिच्या बोटांची हालचाल टिपली, तिचं थांबणं टिपलं, चिमटीचं वजन टिपलं. डबीने वाफेतला प्रत्येक वास मोजला. या सगळ्यातून यंत्राच्या हाती पाककृती लागली नाही. लागला तो वृंदाचा हातच, आकड्यांत उतरलेला.

मग तो हात कुठेही धाडता येई. गाडीत बसून पदार्थ निवडायचे, पुढच्या मोठ्या स्टेशनातल्या स्वयंपाकघरात यंत्राचे बाहू तुमच्या माणसाच्या हाताने रांधायला लागत, आणि गाडी थांबली की वाफाळतं ताट तुमच्या जागेवर. बुवांना वर्षभर याच हाताने जेवू घातलं होतं, मिरजेत घरी आणि गाडीत प्रवासात. एकट्या माणसाला देवाने याहून काय द्यावं?

मनमाडला ताटं आली. बुवांनी जेवणाआधीचा श्लोक म्हटला आणि आमटी-भात कालवून पहिला घास घेतला. ऋजुता ताटाकडे नुसती पाहत होती. वाफ तिच्या चष्म्यावर धरली तरी तिने ती पुसली नाही.

तेवढ्यात ताटाच्या कडेतून एक बायकी आवाज आला. तो वृंदाचा नव्हे, कुणाचाच नव्हे असा, पण गोड होता. "कसं झालंय?"

"परवापेक्षा बरं," बुवा घास घोळवत सहज म्हणाले. "चिंच अजून किंचित कमी चालेल. आणि भाजीला मीठ आत्ता आहे तेवढंच राहू दे, छान आहे."

"बरं. पुढच्या वेळी चिंच कमी घालते."

ऋजुताने मान वर केली. "हे काय होतं?"

"ताट विचारतं. आपण सांगायचं. नाही सांगितलं तरी त्याला कळतं म्हणा. मीठ वरून घेतलं का, काय टाकलं, किती भराभरा जेवलो, सगळं ते बघतं आणि पुढच्या वेळी सुधारतं. फार हुशार केलंय हो हे."

ऋजुताने पोळीचा तुकडा मोडला, भाजी घेतली, आमटीत बुडवला. तोंडात घातला. चावला. दुसरा घेतला. मग भात. बुवा तिच्या डोळ्यांतल्या पाण्याची वाट पाहत होते. पाणी आलं नाही.

"छान आहे," ती म्हणाली.

"मग! सांगत होतो ना."

"बाबा, फारच छान आहे." तिने हात ताटातच थांबवला. "आईची आमटी छान नव्हती."

"ऋजू! जिभेला काही हाड?"

"खरं सांगते. कधी खारट, कधी अळणी, कधी गूळ एवढा की पुरणाचा कट वाटावा. मी शाळेतून आले की आधी वाटीत बोट घालून बघायचे, आज कुठली आमटी आहे म्हणून. ती चाखायचीच नाही ना करताना!"

हे मात्र खरं होतं. आठल्यांच्या घरातलं अन्न आधी देवापुढे जाई. नैवेद्याचं अन्न चाखायचं नाही, देवाआधी कुणाची जीभ लागायची नाही, ही सासूने घालून दिलेली रीत वृंदाने जन्मभर पाळली. मिठाचा अंदाज हातावर सोडायचा. त्यातून तिला रांधताना पदं म्हणायची सवय. पदाच्या नादात मीठ घातलं की राहिलं ते विसरायचं, मग ते कधी दोनदा पडायचं, कधी एकदाही नाही. म्हणूनच ती ताट वाढताना सगळ्यात आधी वर मिठाची चिमूट ठेवायची, ज्याला लागेल त्याने घ्यावी म्हणून. बुवांनी ती चिमूट तीस वर्षांत एकदाही उचलली नव्हती. प्रसादाला नावं ठेवायची नसतात. प्रसादात वरून मीठ घालणं म्हणजे नावं ठेवणंच.

"ही आमटी आईची नाही बाबा," ऋजुता हळूच म्हणाली. "ही तुमची आहे. तुम्हाला हवी तशी."

"काहीतरीच. हात तिचाच आहे. मी फक्त थोडं इकडचं तिकडे…"

"रोज?"

बुवांनी कालवलेला भात पुन्हा कालवला.

"आईला कधी सांगितलंत? चिंच कमी घाल म्हणून?"

"तो नैवेद्य होता."

"आणि हे?"

"हे कसं असेल नैवेद्य? तिथल्या स्वयंपाकघरात डब्यात भरायच्या आधी प्रत्येक पदार्थात एक काचेची जीभ बुडवतात. चव तपासायला. म्हणजे ते उष्टं झालं. देवाला मी आपली दूध-साखर ठेवतो. हे प्रसाद नाही, म्हणून याला…" बोलता बोलता बुवांचा आवाज खाली आला, जसा कीर्तनात पुढचं पद आठवेनासं झाल्यावर यायचा. "म्हणून याला नावं ठेवली तर दोष नाही, असं मला वाटलं."

"जिला भूक लागत नाही, तिचं उष्टं कसलं हो बाबा?"

एरवी बुवा तासभर अशाच प्रश्नांची उत्तरं देत उभे राहत, आणि लोक माना डोलावत.

आत्ता त्यांना फक्त वृंदा दिसत होती. हातात डाव घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. रोज विचारायची, कसं झालंय? आणि बुवा रोज म्हणायचे, प्रसाद आहे. त्यांना वाटे, याहून मोठी शाबासकी जगात नाही. आजारपणात एकदा ती म्हणाली होती, "एकदा तरी नावं ठेवा हो. मी जेवायला बसले की मला कळतंच खारट झालंय ते. पण तुमच्या तोंडून ऐकलं असतं तर वाटलं असतं, तुम्ही माझ्या हातचं जेवताय. नाहीतर काय, तुम्ही देवाचं जेवता आणि मी मधली हमाल." ते हसले होते. त्यांना ती थट्टा वाटली होती.

भुसावळ येईपर्यंत ऋजुताने 'हातगुण'वाल्यांना फोन लावला होता, स्पीकरवर. पलीकडचा तरुण अदबीने बोलत होता.

"मॅडम, हात जिवंत असतो. जिवंत हात शिकतो. आपल्या वडिलांच्या आवडीनुसार तो आता छान परिपक्व झालाय."

"मला परिपक्व नकोय. मला पहिला हवाय. आईने जसा दिला तसा."

"तसा राहत नाही, मॅडम. नवा आला की जुन्याच्या जागीच बसतो. सही करताना सांगितलं होतं आम्ही."

बुवांना आठवलं. सांगितलं होतं. त्या दिवशी वृंदाचं जेवण बंद झालं होतं आणि ते मान हलवत होते.

"काहीच नाही उरलं?" ऋजुताने विचारलं.

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "प्रत्येक पदार्थाचा हात वेगळा असतो, मॅडम. जो कधी मागवलाच गेला नाही, तो पहिल्यासारखाच असतो. बघतो हं… एक आहे. शेपूची भाजी, मूगडाळ घालून."

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं.

"आईने मला निरोप पाठवला होता," ऋजुता म्हणाली. "शेवटच्या आठवड्यात. म्हणाली, सगळं तुझ्या बाबांच्या आवडीचं करून ठेवलंय, पण तुझ्यासाठी शेपूची टाकलीय हो, त्यांना न विचारता." तिने फोन पुन्हा तोंडाशी नेला. "ती मागवली, पण ताटाला काही शिकू दिलं नाही तर? लगेच दुसऱ्या भांड्यात काढून घेतली तर?"

"तर ताटाला वाटेल की आपण टाकून दिली, मॅडम. मग तर ती फारच बदलेल." तो अडखळला. त्याच्या आवाजातली अदब जाऊन तिथे माणूस आला. "खरं सांगू का, ताई? एकदाच मिळेल. किंवा मागवूच नका. मग ती तशीच राहील."

फोन बंद झाला. गाडीने तापीवरचा पूल मागे टाकला. बाहेर केळीच्या बागा होत्या, मग उघडी काळी जमीन. एका ठिकाणी माकडांचं टोळकं रुळाच्या कडेला बसलेलं. बुवांनी ते दाखवलं, ऋजुताने पाहिलं नाही.

खांडव्याच्या अलीकडे ती म्हणाली, "नको मागवायला. असू दे. कुठेतरी आहे एवढं तरी राहील."

बुवांनी पगडीची पेटी मांडीवर नीट केली.

"तिथे तळावर मी एक काम करायचे," ती पुढे म्हणाली. "बर्फात खोल भोक पाडून आम्ही नळकांडी काढतो. हजारो वर्षांपूर्वीची हवा त्यात बुडबुड्यांत अडकलेली असते. मोजायची तर तो बर्फ वितळवावा लागतो. एकदा वितळला की हवा गेली. मला दर वेळी वाटायचं, राहू दे हा तुकडा, नको मोजायला."

"मग काय करायचीस?"

"मोजायचे. न मोजता ठेवून त्या हवेचा उपयोग काय?" म्हणताना ती स्वतःच थांबली.

बुवांनी खिडकीची कड घट्ट धरली होती. पुढचं बोलायला त्यांना अवघड जात होतं, कारण ते आजवर असंख्य लोकांना सांगून झालं होतं. "ऋजू, प्रसाद शिळा करू नये. डब्यात घालून ठेवलेल्या प्रसादाला मुंग्या लागतात. तिने तो तुझ्यासाठी वाढलाय. ताटावर बसायचं की नाही हे तू ठरव, पण उद्यासाठी झाकून ठेवू नकोस."

"आणि मग परत कधीच नाही?"

"मग परत कधीच नाही."

ती बराच वेळ गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली. मग तिने फोन बुवांच्या हातात दिला. "तुम्ही मागवा. तुम्हीच कधी मागवली नाहीत."

बुवांनी चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा शेपूची भाजी मागवली. खाली विचारलेलं होतं, किती जणांसाठी. त्यांनी लिहिलं, दोन.

इटारसीला गाडी लागली तेव्हा उन्हं उतरली होती. फलाटावर भज्यांचा वास होता, हिंदीतली ओरड होती. एकच मोठं ताट आलं. झाकण काढताच शेपूचा तो उग्र, हिरवा दर्प डब्यात पसरला आणि पलीकडच्या बाकावरच्या गृहस्थांनी कपाळाला आठी घालून वर्तमानपत्र नाकाशी नेलं. ऋजुता हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

ताटात ज्वारीची भाकरी होती, भाजी होती, आणि वरच्या अंगाला मिठाची चिमूट.

बुवांनी पिशवीतून तुळशीची डबी काढली. एक पान भाजीवर ठेवलं. बाटलीतलं पाणी उजव्या हातावर घेऊन ताटाभोवती फिरवलं. काचेच्या जिभेचा विचार त्यांच्या मनात आला आणि गेला. डोळे मिटून त्यांनी नैवेद्य दाखवला. वर्षभरात या हाताच्या अन्नाला पाणी फिरलं नव्हतं.

ऋजुताने पहिला घास घेतला आणि तिची हालचाल थांबली. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती ते पुसत नव्हती आणि चावणंही थांबवत नव्हती.

"दोनदा घातलंय," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "बाबा, आईने मीठ दोनदा घातलंय."

गाडी हलली. बुवांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि भाजी घेतली. शेपू त्यांना आजही आवडला नाही. पण त्याच्या मागे थोडी करपलेली डाळ होती. म्हणजे फोडणीनंतर तिला खोकल्याची उबळ आली असणार, ती खुर्चीवर टेकली असणार आणि कढई तशीच राहिली असणार. मग ती उठली. पद कुठवर आलं होतं ते तिला आठवलं, मीठ घातलं होतं ते आठवलं नाही. घातलेल्या मिठावर तिने पुन्हा चिमूट टाकली. भाजी खारट होती, चांगलीच खारट, जीभ आखडावी अशी. वर्षभराच्या सगळ्या सुरेख जेवणांत वृंदा कुठे नव्हती. इथे होती. त्या दोन चिमटींच्या मधल्या विसरण्यात ती उभी होती, डाव हातात घेऊन.

दोघं जेवत राहिली. भाकरी संपत आली. बाहेर जमीन उतरायला लागली, झाडं दाट झाली, आणि डब्यातली माणसं खिडकीकडे सरकली. नर्मदा येत होती.

"कसं झालंय?" ताटाने विचारलं.

ऋजुताने चटकन वडिलांचं मनगट धरलं. मग सोडलं. आता काही वाचणार नव्हतं. ताटाने त्यांचं आखडलेलं तोंड पाहिलं होतं, तिने घटाघटा प्यालेलं पाणी पाहिलं होतं.

"सांगा बाबा," ती म्हणाली. "तिलाच सांगा."

पुलाचे गर्डर खिडकीवरून धडधडत जायला लागले. खाली पाणी सोनेरी झालं होतं. कुणीतरी "नर्मदे हर" म्हणालं आणि दोन-चार नाणी बाहेर पडली. बुवांनी नदीला हात जोडले. शेवटचा घास त्यांच्या तोंडात होता. त्यांना तीस वर्षांची ती चिमूट आठवली, दारातली उभी बायको आठवली, आणि हजार माणसांना मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाणारा त्यांचा आवाज अगदी घरातल्याएवढा झाला.

"अगं," ते म्हणाले, "मीठ जास्त झालंय."

"बरं," ताट म्हणालं. "पुढच्या वेळी कमी घालते."

ऋजुताने ताटावर दोन्ही हात पालथे धरले, जणू काही झाकता येणार होतं. बुवा घास चावत राहिले. तो त्यांनी गिळला तेव्हा पूल कधीच मागे पडला होता.